अकरा आठवड्यांची घाई

आम्ही फ्रान्स सोडलं तेव्हा मुलीला बारा वर्षं नऊ महिने पूर्ण झाले होते. हे मी इतकं मोजून सांगतोय त्याला कारण आहे, आणि ते कारण मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी मूळचा नागपूरचा. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, नोकरी तिथेच लागली, आणि लग्नाला दीड वर्ष झालं असताना कंपनीनं आम्हाला ग्रनोबलला पाठवलं. दोन वर्षांसाठी. कुठल्याही रस्त्याच्या टोकाला डोंगर दिसेल असं ते शहर. दोन वर्षांची चार झाली, मग आठ, मग आम्ही मोजायचं सोडलं. मुलगी तिथेच जन्मली. बायको एका औषधांच्या लॅबमध्ये लागली, भाषा शिकली, आणि इतकी छान बोलायला लागली की बाजारात भाजीवाल्या बायका तिला थांबवून गप्पा मारायच्या. माझं ऑफिस इंग्लिशमध्ये चालायचं. माझं फ्रेंच बस आणि बेकरीपुरतंच राहिलं.

“आपण काय, आज ना उद्या परत जाणार,” असं मी दर दिवाळीला म्हणायचो आणि राहण्याचा परवाना मुदत संपली की पुन्हा वाढवून घ्यायचो. खरं तर पाच वर्षं झाल्यावर आम्ही दोघं फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करू शकलो असतो. बायकोनं दोनदा विषय काढला. भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागेल, या विचारानं मी दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणून तो टाळला. तिनंही ताणून धरलं नाही. घरातली कागदपत्रं म्हणजे माझं खातं, असं आमचं पहिल्यापासून ठरून गेलं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई एकट्या राहायच्या. शाळा सुटल्यापासून आम्ही ऑफिसमधून येईपर्यंत मुलगी त्यांच्याकडे असायची. तिथली मुलं आजीला जे म्हणतात ते आपल्या कानाला ‘मामी’ असंच ऐकू येतं. त्यामुळे मुलगी त्यांना आजी म्हणत होती आणि आम्ही दोघं मामी, पण हाक एकच होती. मामी सगळी नोकरी कोर्टाच्या कचेरीत करून निवृत्त झाल्या होत्या. परदेशी आईबापांच्या फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्वाचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून जायचे.

मुलगी साडेबारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मी तिला आणायला गेलो. ती आत दप्तर भरत होती. मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलल्या.

“मार्चमध्ये तिला तेरा पूर्ण होतील ना? मग आपण कोर्टात जायचं. मी येईन तुमच्याबरोबर.”

मी विचारलं, “कशासाठी?”

त्यांनी समजावून सांगितलं. फ्रान्समध्ये नुसतं जन्मल्यानं कुणी फ्रेंच होत नाही. आईवडील दोघंही परदेशी असतील तर मुलाला तिथे वाढावं लागतं. तिथेच वाढून अठरा वर्षांचं झालं की नागरिकत्व आपोआप मिळतं. सोळाव्या वर्षी मूल स्वतः मागू शकतं. आणि आठव्या वर्षापासून तिथेच राहत असेल, तर तेराव्या वर्षी त्याच्या संमतीनं आईवडील त्याच्या वतीनं मागू शकतात. “फक्त एक लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या, “अर्ज देण्याच्या दिवशी ती इथे राहत असली पाहिजे.” मग त्यांनी जुन्या लिफाफ्याच्या मागे काय काय कागद लागतील त्याची यादी लिहिली. जन्मदाखला, शाळेचे दाखले, आमचे परवाने. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. मी लिफाफा खिशात घातला आणि आभार मानले.

वर येऊन मी तो लिफाफा ऑफिसच्या बॅगेत ठेवला. बायकोला काहीच बोललो नाही.

का बोललो नाही, हे लिहिणं सोपं नाही. त्या सुमारास मला मुलगी हळूहळू हातातून निसटतेय असं वाटायला लागलं होतं. एकदा बेकरीत मी काहीतरी मागितलं, काउंटरवरच्या बाईंना कळलं नाही. मुलीनं माझ्या मागून तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि बाईंनी लगेच पाव बांधून दिला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी तू बोलू नकोस ना, मी बोलते.” त्यात काही वाईट हेतू नव्हता. दुसऱ्यांदा, शाळेत पालकांच्या भेटीला बायकोला वेळ नव्हता म्हणून मी गेलो. शिक्षिका बराच वेळ बोलल्या, मुलगी काहीतरी म्हणाली, दोघी खळखळून हसल्या. मी विचारलं, “काय म्हणताहेत?” ती म्हणाली, “सगळं छान आहे म्हणतेय.” पाच मिनिटांच्या बोलण्याचा एवढाच अर्थ माझ्या वाट्याला आला. कोर्टात जाऊन मीच सही करायची आणि मग तिला कायमची त्या हसण्यातली करून टाकायची, असं काहीतरी माझ्या मनात होतं. इतकं स्पष्ट तेव्हा दिसलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो, की अजून सहा महिने आहेत, बघू.

ऑक्टोबरात कंपनीनं सिअ‍ॅटलजवळ बॉथेलच्या ऑफिसात बदली देऊ केली. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. मी दोन दिवसांत हो म्हटलं.

बायको खूश होती, पण तिनं लगेच हिशोब मांडला. “तू जा पुढे. हिचं शाळेचं वर्ष जूनमध्ये संपतं. मलाही लॅबमध्ये तीन महिन्यांची नोटीस द्यायचीय. आम्ही जूनच्या शेवटी येतो. सहा महिने काढशील ना रे एकट्यानं?”

मी म्हणालो, “नाही जमणार. कंपनीचे वकील म्हणताहेत, सगळ्यांनी एकत्रच एंट्री घ्यायला हवी. मागाहून येताना प्रॉब्लेम होतो.”

कुठलाही वकील असं म्हणाला नव्हता. उलट वकिलांच्या मेलमध्ये सरळ लिहिलं होतं, की कुटुंब सोयीनं नंतर आलं तरी चालेल. तो मेल मी वाचला होता, आणि मार्चही मला पुरता आठवत होता. बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग काय इलाज?” तिनं लॅबमध्ये विनंती करून नोटीस कमी करून घेतली.

निघायच्या आधी मामींचा निरोप घ्यायला गेलो. बायको आणि मुलगी त्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या. मामी माझ्याशी हात मिळवताना हळूच म्हणाल्या, “जूनपर्यंत थांबणं शक्यच नाही?” मी म्हणालो, “नाही.” त्यांनी मान हलवली. माझ्या बायकोसमोर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, की नवराबायकोंनी मिळून घेतलेला निर्णय आहे.

आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बॉथेलला उतरलो. मुलीचा तेरावा वाढदिवस त्यानंतर अकरा आठवड्यांनी आला. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये अजून डायनिंग टेबलही नव्हतं. जमिनीवर चादर अंथरून आम्ही केक कापला. बायकोला वर्क परमिट यायला पुढे बरेच महिने गेले. दिवसभर ती त्या घरात बसून असायची, बाहेर देवदारासारखी उंच काळपट झाडं आणि सतत भुरभुर. केक कापताना ती म्हणाली, “तिकडे असती तर मामींनी चेरीचा टार्ट केला असता.” मी मेणबत्त्या गोळा करत होतो.

मुलीला नवी शाळा पहिलं वर्ष अजिबात आवडली नाही. तिला आधार मिळाला तो शनिवारच्या फ्रेंच वर्गाचा. त्या भागात फ्रेंच माणसं बरीच आहेत. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी विमानांच्या कामात, एक जोडपं पावाची भट्टी चालवणारं. एका चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन त्यांनी मुलांसाठी वर्ग चालवला होता. जानेवारीत ते बदामाचा केक करतात, त्यात एक छोटीशी चिनीमातीची बाहुली लपवलेली असते, ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याला कागदी मुकुट. जुलैत नदीकाठच्या पार्कमध्ये त्यांची राष्ट्रीय दिनाची पिकनिक व्हायची. मुलगी तिथे गेली की तिचा आवाजच बदलायचा. दोन वर्षांत ती लहान मुलांना शिकवायलाही लागली. आमच्या मंडळाच्या गणपतीलाही ती यायची, मोदक खायची, काकूंना नमस्कार करायची. कुणी विचारलं, “तू कुठली गं?” तर सांगायची, “ग्रनोबलची.” काकू हसायच्या, मला वाटायचं विषय बदलावा.

ती चौदा वर्षांची असताना सुट्टीत आम्ही दोन आठवडे मामींकडे जायचं ठरवलं. त्यासाठी व्हिसा लागला. बोटांचे ठसे देऊन परत येताना गाडीत तिनं विचारलं, “बाबा, माझा बर्थ तिकडचा आहे ना? मग मला व्हिसा का?”

“नियम असतात.”

“पण इथे जन्मलेली मुलं तर अमेरिकन असतात.”

“अमेरिकेचं वेगळं.”

“मग फ्रान्सचं काय असतं?”

मी म्हणालो, “अठरा वर्षांची झालीस की बघू.”

हे अर्धं खरं होतं. अठराव्या वर्षी खरंच काहीतरी होतं, पण तिथे राहणाऱ्या मुलांचं. बाकीचा अर्धा भाग मी गिळला. तिनं मात्र ते वाक्य जपून ठेवलं. पुढची चार वर्षं कधीही विषय निघाला की ती मैत्रिणींना सांगायची, अठरा झाल्यावर मीही फ्रेंच होईन. मी ऐकायचो आणि दुरुस्त करायचो नाही.

दरम्यान आमची ग्रीन कार्डची रांग सुरू झाली होती. भारतात जन्मलेल्यांची ती रांग किती लांब आहे हे इथल्या प्रत्येक देशी घरात माहीत असतं. मुलगी एकवीस वर्षांची झाली की आमच्या अर्जातून तिचं नाव गळणार आणि तिला इथे राहण्यासाठी स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागणार, हे वकिलानं पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. हा वकील खरा होता. त्या दिवशी बायको घरी आल्यावर म्हणाली, “बरं झालं, निदान हिचा जन्म तरी फ्रान्सचा आहे. काहीतरी सोय होईल.” मी फ्रिज उघडून उगाच आत बघत उभा राहिलो.

अठरावा वाढदिवस झाला. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून फ्रेंच कॉन्सुलेटचे लोक सिअ‍ॅटलला येणार होते. तिथल्या फ्रेंच लोकांना पासपोर्टसाठी विमानानं जावं लागू नये म्हणून ते अधूनमधून येतात. मुलीनं स्वतःच अपॉइंटमेंट घेतली, फाइल तयार केली. ती ड्राइव्ह करत होती, तरी मी म्हटलं, मीही येतो. बॉथेलहून सिअ‍ॅटलपर्यंत पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी तीन वेळा बोलायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा तिला लेन बदलायला सांगितली.

हॉलमध्ये चार टेबलं होती. आमच्या पुढे तिची शनिवारच्या वर्गातली मैत्रीण होती. जन्म इथल्याच टकोमा शहरातला, वडील फ्रेंच. तिचा फ्रेंचचा गृहपाठ बरेचदा आमच्या घरी बसून माझी मुलगी करून द्यायची. टेबलावरच्या बाई काय विचारताहेत ते तिला कळेना, म्हणून मुलीनंच मागून तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. तिचे ठसे घेतले गेले. वडील फ्रेंच, त्यामुळे ती जन्मल्यापासूनच फ्रेंच होती. तिचा काही दोष नव्हता. जाताना तिनं मुलीला मिठी मारली आणि म्हणाली, “युअर टर्न!”

टेबलावरच्या बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. मुलीचं फ्रेंच ऐकून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी विचारलं, ग्रनोबल? माझी मावशी तिथे राहते. मग जन्मदाखला हातात घेऊन त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. जन्माच्या वेळी आईवडिलांचं नागरिकत्व? भारतीय. दोघांचंही? दोघांचंही. आईवडील नंतर फ्रेंच झाले का? नाही. तुम्ही फ्रान्समध्ये किती वर्षांच्या होईपर्यंत होतात?

“बारा वर्षं नऊ महिने,” मुलगी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि तेराव्या वर्षी अर्ज दिला नव्हता ना?”

मुलगी गोंधळली. “कसला अर्ज?”

बाईंनी तिला समजावलं. मामींनी मला समजावलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. मग त्या म्हणाल्या, मला फार वाईट वाटतं, पण कायदा असा आहे, आणि माझ्या हातात काही नाही. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोष देण्यासाठी नाही, सहज. “तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?”

मुलगीही माझ्याकडे पाहत होती.

मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणालो, “नाही. आम्हाला माहीत नव्हतं.”

उभ्या आयुष्यात फ्रेंचमध्ये मी इतकं बिनचूक वाक्य बोललो नसेन. बाईंना ते पहिल्याच झटक्यात कळलं.

परत येताना मी गाडी चालवली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “इट्स ओके, बाबा. तुला तरी कसं कळणार होतं. यू डिडन्ट नो.” आणि माझ्या हातावर तिनं हात ठेवला. ती माझी समजूत काढत होती. मी समोरच्या ट्रककडे बघत गाडी चालवत राहिलो.

त्या रविवारी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे मामींना व्हिडिओ कॉल केला. मी गॅरेजमध्ये पुठ्ठ्याची खोकी फोडून रीसायकलच्या डब्यात भरत होतो. दार उघडलं. ती पायरीवरच उभी राहिली.

“बाबा, मामी म्हणतेय तिनं तुला सांगितलं होतं.”

मी खोकं हातात घेऊन उभा.

“म्हणतेय, तिनं लिहून दिलं होतं. पूर्ण लिस्ट. एका एन्व्हलपवर. खरंय?”

“हो.”

“तुला माहीत होतं? मार्चपर्यंत थांबायचं ते?”

“हो.”

“मग परवा त्या बाईंना काय सांगितलंस तू?” तिचा आवाज वाढला नव्हता, उलट अगदी बारीक झाला होता. “मी तुला कारमध्ये म्हटलं, इट्स ओके. तू ऐकून घेतलंस.”

मी म्हणालो, “मला भीती वाटली होती.”

“कसली?”

“तू तिकडचीच होऊन जाशील याची.”

“मी होतेच ना तिकडची,” ती म्हणाली. “ तू फक्त कागद नाही केलास.” पुढे ती फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, भरभर, रडत. मला त्यातलं निम्मंच समजलं, आणि मी पुन्हा सांग असं म्हणू शकलो नाही.

ती वर गेली. थोड्या वेळानं बायको खाली आली. हात ओले होते, मधूनच उठून आली असावी. तिनं एकच विचारलं.

“ते वकिलांचं खरं होतं का रे? सगळ्यांनी एकत्र यायचं?”

“नाही.”

ती पायरीवर बसली. मला वाटलं ती मुलीबद्दल बोलेल. ती म्हणाली, “मी तुझ्याकडे सहा महिने मागितले होते. मी लॅबमध्ये हात जोडले नोटीस कमी करा म्हणून. मग इथे येऊन त्या अपार्टमेंटमध्ये भिंतीकडे बघत बसले. आणि तू रोज संध्याकाळी येऊन विचारायचास, काय केलंस दिवसभर.” मी काही बोलायला तोंड उघडलं तर तिनं हात वर करून थांबवलं. “आज नको. काही सांगू नकोस. मला पटेल असं काहीतरी बोलशील तू, आणि मग मला पटेल.”

त्या दिवसापासून घरातली कागदपत्रं माझ्याकडे राहिली नाहीत. तिनं फायलींचं कपाट स्वतःच्या खोलीत नेलं. पासपोर्ट, टॅक्स, इन्शुरन्स, सगळं. तिनं ते भांडून केलं नाही, एका शनिवारी शांतपणे केलं.

मी मामींना पत्र लिहिलं. भाषांतर करून देणारी साधनं हल्ली फोनमध्येच असतात, पण मी ती वापरली नाही. शब्दकोश घेऊन बसलो, चार दिवस लागले. माझी चूक कबूल केली, माफी मागितली. त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं. मी रागावलेले नाही. मुलीची माफी मागा, माझी नव्हे. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘तुम्हाला नको होतं तर मला तसं सांगायचं होतंत, मी आग्रह केला नसता. तो तुमचा हक्क होता. पण निवड करणं तिचाही हक्क होता, म्हणून तर कायद्यात तिची संमती विचारतात.’ ते शेवटचं वाक्य मी नीट समजलंय ना याची खात्री करायला बायकोकडे गेलो. तिनं वाचलं, कागद परत दिला आणि म्हणाली, “बरोबर समजलंय तुला.”

मुलीची माफी मी मागितली. एकदा नाही, अनेकदा, आणि दर वेळी ती अवघडून ‘ओके’ म्हणायची. शेवटी एकदा ती म्हणाली, “बाबा, तू सारखं सॉरी म्हणतोस ना, मग मला तुला बरं वाटवावं लागतं. प्लीज स्टॉप.” तेव्हापासून मी थांबलो. आता आठवण आली की मी ती स्वतःशीच ठेवतो.

तिनं इथलं, वॉशिंग्टन राज्यातलं कॉलेज घेतलं नाही. फ्रान्समधल्या ल्याँच्या विद्यापीठात अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. जायचं होतं विद्यार्थी व्हिसावर, इतर कुठल्याही परदेशी मुलीसारखं. तिथे दोन-चार वर्षं शिकल्यावर, राहिल्यावर, नागरिकत्वाचा अर्ज मोठ्या माणसांच्या रांगेत उभं राहून करता येईल. जे तिला एका दुपारी, मामींच्या शेजारी बसून, एका संमतीवर मिळालं असतं. तिच्या फाइलसाठी ग्रनोबलच्या जुन्या शाळांचे दाखले लागणार होते. ते काम मी मागून घेतलं. बायको म्हणाली, “करेल ना नक्की?” मुलगी म्हणाली, “करू दे त्याला.” मी दोन्ही शाळांना पत्रं लिहिली, फोन केले. कार्यालयातल्या बाईंना माझं बोलणं कळेना तेव्हा फोन कुणाच्या हातात दिला नाही, पुन्हा पुन्हा बोललो. सहा आठवड्यांनी दाखले आले. पहिलीपासूनचे सगळे, वर तिचा लहानपणीचा पासपोर्ट साइझ फोटो, दात पडलेले. ती फोटो बघून हसली. त्या वर्षात माझ्यासमोर ती पहिल्यांदा तशी हसली.

सप्टेंबरात ती गेली. आईशी ती रोज बोलते. माझ्याशी कामापुरतं, पण कामं काढते, असं मला हल्ली वाटायला लागलंय. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. ती लॅपटॉपवर राहण्याच्या परवान्याचा फॉर्म भरत होती, आणि आई मीटिंगमध्ये होती.

“बाबा, इथे विचारलंय, फ्रान्समध्ये प्रवेश केल्याची तारीख. काय टाकू?”

मी पटकन म्हणालो, “जन्मतारीख टाक ना.”

“नाही रे. त्यांना पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख हवी असते. मला एवढंच विचारायचं होतं, की विमान सुटलं तो दिवस की पोचले तो?”

“पोचलीस तो,” मी म्हणालो.

तिनं तारीख टाइप केली, मला कीबोर्डचा आवाज ऐकू आला. मग ती म्हणाली, ओके, नेक्स्ट, आणि पुढचा प्रश्न वाचायला लागली. मी फोन कानाला लावून बसलो होतो. फॉर्मची अजून चार पानं बाकी होती, आणि ती मला फोनवरच थांब म्हणाली होती.